शून्य टिपचं घर

मर्विन लाहतीला गावातली दारं पाठ आहेत. माणसं नाहीत, दारं. कुत्र्यानं खालून खरवडलेलं हिरवं दार, नाताळची माळ मार्चपर्यंत न काढलेलं दार, पायरीवर बर्फ वितळायला मीठ न टाकल्यामुळं जिथं तो दोनदा आपटला ते दार. गेली चार वर्षं तो घरोघर जेवण पोचवतो. फोनवर मागणी येते. खाणावळीतून पिशवी उचलायची, बर्फातून गाडी न्यायची, पिशवी पायरीवर ठेवायची, तिचा फोटो काढून पाठवायचा आणि निघायचं. 'दाराशी ठेवा' असं बहुतेकांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं. मर्विन गाडीत जाऊन बसला की मागं दार उघडून मिटल्याचा आवाज येतो. आठवड्याला साठ-सत्तर दारं होतात, आणि चेहरा एकही दिसत नाही.

"मी एवढ्या लोकांना जेवू घालतो," एकदा तो मला म्हणाला, "पण पिशवी आत ओढणारा हात कुणाचा असतो ते काही मला ठाऊक नाही."

मी सरोवराकाठच्या खाणावळीत कढईपाशी असतो. शुक्रवारी आमचं सगळं गाव तळलेला मासा खातं. सकाळी अकरापासून मी पिठात घोळून पांढऱ्या माशाचे तुकडे तेलात सोडतो, ते तीनपर्यंत मान वर करत नाही. डबे भरले की ते उबदार दिव्याखालच्या फळीवर जातात आणि तिथून मर्विनसारखे लोक ते घेऊन जातात. म्हणून ही गोष्ट मला ठाऊक आहे. काही मर्विननं सांगितली, काही त्याच्यासारखंच जेवण पोचवणाऱ्या टॉन्यानं, आणि थोडी माझ्या त्या फळीवर घडली.

मर्विन त्रेसष्ट वर्षांचा आहे. पस्तीस वर्षं तो कागदाच्या गिरणीत होता. तिथल्या यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातवारे करून बोलायचे. मर्विनला अजून बोलायच्या आधी हात उचलायची सवय आहे. गिरणी बंद झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याची बायको नॅडीन मुलीकडं ॲरिझोनाला गेली, थंडीपुरती म्हणून. थंडी संपली, ती आली नाही. पुढच्या थंडीत तिनं तिकडं ग्रंथालयात काम धरलं. भांडण झालं नव्हतं, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं. वाढदिवसाला फोन होतो. ती तिकडचं ऊन सांगते, हा इकडचा बर्फ सांगतो.

जेवण पोचवणारी सगळी मंडळी हार्डवेअरच्या दुकानामागच्या पटांगणात गाड्या लावून बसतात. चार-पाच गाड्या, सगळ्यांची इंजिनं चालू, काचांवर वाफ. फोन वाजला की पडद्यावर आधी दिसतो तो मिळणाऱ्या पैशाचा आकडा. कंपनी अगदी थोडं देते, बाकीची टिप. गिऱ्हाईक ती जेवण मागवतानाच फोनमध्ये घालतं. जिथं टिप चांगली दिसते ती मागणी डोळ्याचं पातं लवायच्या आत कुणीतरी उचलतं. जिथं टिप नाही, त्या मागणीला पटांगणात भोपळा म्हणतात. भोपळा एकाच्या फोनवर येतो, तो नाकारतो. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. पेट्रोलही सुटत नाही, म्हणून कुणी दोष देत नाही.

गावाच्या टोकाला, जुन्या रेल्वेच्या बांधापलीकडं, चढावर एक घर होतं. त्या हिवाळ्यात दर शुक्रवारी दुपारी बाराला तिथून मासा मागवला जायचा आणि दर शुक्रवारी टिपच्या जागी शून्य असायचं.

"आला बघा चढावरचा भोपळा," टॉन्या गाडीची काच खाली करून म्हणायची. टॉन्या चाळिशीची, दोन शाळकरी पोरांची आई, आणि पटांगणात तिच्या तोंडाला सगळे वचकून असतात. "एवढा चढ, एवढा बर्फ, आणि वर फुकट. मासा खायला पैसे आहेत म्हणावं, आणणाऱ्याला नाहीत."

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी तो भोपळा मर्विनच्या गळ्यात पडला. चूक बोटाची होती. हातमोजा काढला होता, बोट गारठून बधिर झालेलं, 'नको' दाबायचं ते 'हो'वर पडलं. एकदा घेतलेली मागणी सोडली असती तर कंपनीच्या नोंदीत त्याचा नंबर खाली गेला असता. टॉन्या हसून हसून स्टिअरिंगवर आडवी झाली.

"जा म्हाताऱ्या, जा. पुण्य लागेल."

मर्विन चरफडत चढ चढला. मागणीसोबत एक ओळ लिहिलेली होती: हाक मारा आणि थांबा, मला चालायला वेळ लागतो. तो हाक मारून थांबला. आत काहीतरी जमिनीवर टेकत, उचलत, टेकत येत होतं. मर्विननं दोनदा ठरवलं की पिशवी ठेवून निघावं. मग दार उघडलं.

चार पायांच्या आधारकाठीवर रेललेली एक म्हातारी. उंच, हाडापेरानं मोठी, केस नीट बांधलेले, ओठांना लाली. आर्डिस टॉर्मला हे तिचं नाव. वय चौऱ्याऐंशी. मर्विननं तिला कुठंतरी पाहिलं होतं, पण कुठं ते आठवेना.

"रस्ता कसा आहे, राजा?"

"निसरडा आहे, बाई."

"गेले काही शुक्रवार कुणी आलंच नाही. पिशवी आत टेबलावर ठेव. मला वाकता येत नाही. बूट राहू देत, उभ्यानं पुसेन मी नंतर."

त्यानं पिशवी ठेवली. तिनं डबा उघडला, माशाकडं पाहिलं, वाफ आहे का ते पाहिलं, मग मर्विनकडं पाहिलं. चांगलं सावकाश पाहिलं. मग झग्याच्या खिशातून घडी घातलेली दहा डॉलरची नोट काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या हातानं त्याची बोटं तिच्यावर मिटली.

मर्विन गोंधळला. "फोनमध्ये शून्य दिसत होतं."

"दिसणारच. मी घातलंय ते. भाची सांगत होती, आत्या, इथं आकडा टाक. म्हटलं, कुणाला? कोण येणार ते ठाऊक नाही, जेवण कसं येणार ते ठाऊक नाही. आधी दिली तर ती लाच झाली. तोंड न बघता दिली तर भीक झाली. टिप हातात द्यायची असते. मी एक्केचाळीस वर्षं ताटं वाहिलीत, मला नका शिकवू."

मग मर्विनला आठवलं. गिरणीच्या फाटकासमोरचा उपाहारगृहाचा काउंटर, पहाटेची पाळी सुटल्यावरची गर्दी, आणि एका हातावर चार ताटं घेऊन फिरणारी उंच बाई. आता तिथं मोटारींचे टायर विकतात.

"लाहती ना तू?" ती म्हणाली. "कपाळ बापाचं आहे. दोन अंडी, बलक फोडून, बरोबर राय धान्याचा पाव, कडा काढलेल्या. पंचवीस सेंट ठेवायचा. जास्त कधी नाही, पण एकही दिवस चुकवला नाही. पगार थांबले होते ना, संपात, तेव्हा कॉफीच प्यायचा नुसती. तरी पंचवीस सेंट बशीखाली."

मर्विनच्या वडिलांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांचं कुणी काही बोललं नव्हतं. पावाच्या कडा काढायचे हे तर मर्विनही विसरला होता.

तो पटांगणात परतला तेव्हा टॉन्यानं काच खाली केली. "काय दिलं भोपळ्यानं?"

"काय देणार," मर्विन म्हणाला.

हे खोटं नव्हतं, असं तो मला म्हणाला. त्यानं नुसता उलटा प्रश्न केला होता.

त्या दिवशी तरी कारण दहा डॉलरचं होतं, हे तो मान्य करतो. हिवाळ्यात दहा डॉलर म्हणजे दहा डॉलर. सगळ्यांना कळलं असतं तर चढावर शर्यत लागली असती. पण नाताळ गेला, जानेवारी गेला, आणि कारण बदललं. आता तो शुक्रवारी दाढी करून यायचा. पटांगणात बसून वाट बघायचा. बाराला भोपळा निघायचा, टॉन्या नाकारायची, तिच्या शेजारचा नाकारायचा, आणि फिरत फिरत तो मर्विनच्या फोनवर यायचा. कधी तो दुसऱ्या चांगल्या मागण्या सोडून द्यायचा, केवळ त्या वेळी हात रिकामे असावेत म्हणून.

"तुला वेड लागलंय का?" टॉन्या विचारायची. "की तिथं कुणी तरणी विधवा राहते?"

"रस्ता आवडतो मला तो," मर्विन म्हणायचा.

आर्डिस त्याच्यासाठी कॉफी करून ठेवायला लागली होती. तो पायपुसण्याजवळच्या खुर्चीवर बसायचा, ती टेबलाशी मासा खायची. दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. ती गावातली माणसं खाण्यावरून सांगायची. अमक्या डॉक्टरांना पॅनकेकवर मीठ लागायचं. अमका नगराध्यक्ष टिप ठेवायचा आणि कुणी बघत नसलं की अर्धी परत उचलायचा. तमकी मास्तरीण एकटी यायची आणि समोर दुसरी कॉफी मागवून ती तशीच थंड होऊ द्यायची. लग्न आर्डिसनं केलंच नव्हतं. "वेळ कुणाला होता, राजा? सगळं गाव माझ्या हातचं जेवायचं. आता भाची आहे मिलवॉकीला. बुधवारी नर्स येते, पाय बघते, पाय बांधते, जाते. आणि शुक्रवारी तू."

जाताना नोट हातात यायची. मर्विननं एकदा नको म्हणून पाहिलं. तिचा चेहरा असा झाला, की त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मार्चच्या सुरवातीला मर्विनचा हर्निया अडला. मोठ्या गावच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे गाडी नाही, ओझं नाही. मर्विन घरी खाटेवर पडला. पहिल्या शुक्रवारी साडेअकराला त्यानं फोन हातात घेतला. आर्डिसचा नंबर त्याच्याकडं नव्हता. कंपनी गिऱ्हाइकाचा नंबर देत नाही, आणि त्यानं तिला कधी विचारलाच नव्हता. टॉन्याचा नंबर होता. एक वाक्य पुरलं असतं: चढावरची बाई हातात देते, जा.

त्यानं ते वाक्य लिहिलं. मग बघत बसला. टॉन्या गेली की ती आर्डिसला आवडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. टॉन्या हसवते. टॉन्या एकदा गेली की दर शुक्रवारी जाणार, ती तरुण आहे, तिचा अंगठा चपळ आहे, आणि तीन आठवड्यांनी तो परत जाईल तेव्हा गावातलं उघडणारं एकुलतं एक दार दुसऱ्या कुणाचं झालेलं असेल. शिवाय एक शुक्रवार काय, म्हातारी पाव-बीव खाईल. त्यानं वाक्य पुसलं.

त्या दिवशी तो डबा माझ्या फळीवर बारा वाजून दहा मिनिटांनी गेला आणि तीनपर्यंत तिथंच होता. तीनला मी तो उचलून कचऱ्यात टाकला. असे डबे उरतात. नाव मी वाचलं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. तेव्हाही मी वाचलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी मर्विन खिडकीशी बसून होता. चालता येत होतं, पण गाडी नाही. एका शेजाऱ्यानं खिडकीखाली थांबून विचारलंही, कुठं सोडू का. मर्विन नको म्हणाला. हातात पिशवी नसताना कुणाच्या दाराशी जायचं, हे त्याला सुचलंच नाही. आमच्याकडं कुणी कुणाकडं उगाच जात नाही. जायला निमित्त लागतं. तुटलेलं कुंपण, मेलेलं माणूस, नाही तर जेवणाची पिशवी.

चौथ्या शुक्रवारी तो पटांगणात परत आला. सगळ्यांनी काचा खाली करून टिंगल केली, टॉन्यानं त्याच्यासाठी मांसाची गरम करंजी आणली होती. बाराला तिचा फोन वाजला आणि तिनं तो झटक्यात उचलला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "दहाची टिप. मागच्या शुक्रवारीही मलाच मिळाली होती. तुझा चढ रे, म्हाताऱ्या. भोपळ्याला अक्कल आली शेवटी."

मर्विनच्या हातातली करंजी तशीच राहिली. "मागच्या शुक्रवारी तू गेलीस?"

"गेले ना. 'दाराशी ठेवा' लिहिलं होतं. ठेवलं, फोटो काढला, आले."

"कुठं ठेवलंस?"

"पायरीवर. आणि कुठं, छपरावर?"

"ती वाकू शकत नाही," मर्विन म्हणाला.

टॉन्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. पटांगणात कुणी इंजिन बंद करत नाही. "तुला कसं ठाऊक?"

मग त्यानं सांगितलं. दहा डॉलर, कॉफी, पायपुसण्याजवळची खुर्ची, पुसलेलं वाक्य. सांगताना त्याचे हात उगाच हलत होते. टॉन्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ती असं ऐकून घेते तेव्हा आम्हाला भीती वाटते.

"सगळा हिवाळा मी ते नाकारत होते," ती शेवटी म्हणाली. "पोरांच्या बुटांसाठी मी रविवारी सुद्धा बसत होते इथं. आणि तू समोर बसून बघत होतास."

"हो."

"ते जाऊ दे. ते मी बघून घेईन. पण तीन आठवडे, मर्विन. तू घरी पडलास आणि तिला तसंच ठेवलंस. एक ओळ होती."

"हो."

"नुसतं हो हो करू नकोस." तिनं इंजिन सुरू केलं. "मी जाते. आज हाक मारते. तू बस इथंच."

तो बसला. टॉन्या पाऊण तासानं परतली. एवढ्या वेळात तिनं तीन मागण्या सोडल्या असणार. ती स्वतःच्या गाडीत न बसता त्याच्या गाडीत येऊन बसली आणि दोघं समोरच्या काचेकडं बघत राहिली.

"मागच्या वेळी तिनं काठीच्या मुठीनं पिशवी ओढली आत," टॉन्या म्हणाली. "उंबऱ्यावरून. मासा सांडला. जो राहिला तो खाल्ला म्हणाली. गार."

मर्विननं काचेवरची वाफ बाहीनं पुसली.

"नर्सनं सांगितलं तिला, शून्य दिसलं की कुणी येत नाही. नर्सनंच आकडा टाकून दिला. दाराशी ठेवा, हेही तेव्हाच पडलं, फोनमध्ये आपोआप येतं ते. म्हातारी म्हणाली, ज्या क्षणी नर्स हे बोलली त्या क्षणी मला कळलं, की त्या लाहतीच्या पोराला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणजे तुझं मी सांगायच्या आधीच तिला कळलेलं होतं."

"काय म्हणाली?"

"आधी जेवली. मला बसवलं. माझ्या आईला काय लागायचं ते सांगितलं." टॉन्यानं हातमोजे काढले. "भाजलेल्या पावावर साखर, म्हणाली. आई घरी साखरेला हात लावू द्यायची नाही आम्हाला."

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांच्या उपाहारगृहात वाढणारी एखादी बाई चांगलं टेबल दाबून ठेवायची. तिथला माणूस घसघशीत टिप देतो हे बाकीच्यांना कळू द्यायची नाही, आणि आजारी पडली तरी सांगायची नाही. मग तो माणूस बिचारा ताटकळत बसायचा, कुणी फिरकायचं नाही. अशीला बाकीच्या जणी शिक्षा करायच्या. जितके दिवस गिऱ्हाईक ताटकळलं तितके दिवस तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मग सोळावा दिवस असो की दुसरा, हिशेब फिटला की पुन्हा पहिल्यासारखं. कुणी मागचं काढायचं नाही."

"तिनं स्वतः केलं होतं का कधी?"

"विचारलं मी. म्हणाली, मी दोन टेबलं दाबली होती आयुष्यात. म्हणून तर म्हणते, शिक्षा होऊ दे त्याला." टॉन्यानं दार उघडलं. थंडी आत आली. "तीन शुक्रवार. मागणी तुझ्या फोनवर आली तरी घ्यायची नाहीस. चढाकडं फिरकायचं नाहीस. आणि माझं वेगळं आहे, मी कधी बोलेन ते मी ठरवेन."

"आणि तीन झाल्यावर?"

"ते ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही."

हे लिहितोय तेव्हा दोन शुक्रवार झाले आहेत. आर्डिसचं नाव आता मी डब्यावर वाचतो, पाव वेगळ्या कागदात बांधतो, वाफेनं मऊ पडू नये म्हणून. टॉन्या तो डबा घेऊन जाते आणि अर्ध्या-पाऊण तासानं येते. मर्विन पटांगणात असतो. शुक्रवारी दाढी करायचं त्यानं सोडलेलं नाही. बाराला चढाकडं जाणारी टॉन्याची गाडी तो वळणापर्यंत बघतो, मग त्याचा फोन वाजतो आणि तोही निघतो. हिरवं दार, माळ लावलेलं दार, मीठ न टाकलेल्या पायरीचं दार. तो पिशवी ठेवतो, फोटो काढतो. अलीकडं तो पिशवी पायरीवर न ठेवता जिथं मिळेल तिथं उंचावर ठेवतो, कठड्यावर, बाकावर, खिडकीच्या कट्ट्यावर, आणि गाडीत बसल्यावर लगेच निघत नाही. दार उघडून मिटल्याचा आवाज येईपर्यंत थांबतो. उशीर होतो म्हणून कंपनी त्याचा नंबर खाली सरकवते आहे.

काल तो माझ्या खिडकीशी डबा घ्यायला आला होता. मी म्हटलं, शुक्रवारी संपेल की तुझी शिक्षा.

"संपेल," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. तीन आठवडे मोठे असतात."

त्याला काय वाटत होतं ते मला कळलं. तिला तीन आठवडे किती मोठे गेले असतील, ते त्याला आता कळत होतं. मी डबा पुढं केला. त्यानं घेतला, झाकणावर हात ठेवून ऊब पाहिली, आणि बाहेर बर्फात गेला.